लाभार्थी फोटोत दिसला पाहिजे

सुवैकला, समुद्रापासून मैलभर आत,
खल्फान बिन हमैदच्या विहिरीचं पाणी
चहाला चालत नाही.
तो तरी देतो, वेलदोडा घालून, आणि मी पितो.
ओठांवर मीठ राहतं,
त्याच्या जुन्या पाइपांवर राहिलंय तसं,
नखानं खरवडलं की पापुद्रा निघणारं.

तेवीस खजुरी, चार लिंबं, चाऱ्याचा एक वाफा
आणि एक गाय, जी मला बघून आता उठतही नाही.
एवढीच शेती.
मला वाटायचं, या देशात सगळेच शेख.
हा तर गाडीत दोन रियालचंच पेट्रोल भरतो
आणि पावती घडी करून टोपीत ठेवतो.

ठिबकाचे निम्मे पैसे सरकार देणार, निम्मे त्याचे.
निम्मे म्हणजे किती,
हे त्यानं मला तीनदा विचारलं.
तीनदा मी बोटांवर दाखवलं.
माझी अरबी मोडकी, त्याची हिंदी त्याहून,
पण निम्मे हा शब्द ऐकताना
सांगोल्यात काय नि सुवैकात काय
माणूस आधी हसतो,
मग पायाखालच्या मातीकडं बघतो.

मी फिटर. सोळा एमएमची नळी,
दर झाडाला दोन तोट्या, टोकाला बूच.
हेच काम मी माझ्या रानात केलं होतं
डाळिंबाला, अनुदानातच.
सात वर्षं झाली की पुन्हा अर्ज करता येतो.
सात वर्षं झाली.
वैजयंता फोनवर म्हणते,
निम्मी नळी उंदरांनी खाल्ली, निम्मी सरकारची होती,
मग आपली कुठली?

मंगळवारी दोन्हीकडं एकदमच आले.

इथं साडेनऊला
मंत्रालयातून एक पोरगी, काळ्या अबायात,
बुटांत वाळू, हातात टॅबलेट.
तिनं खल्फानला पाइपाजवळ उभं केलं.
मला म्हणाली, तू बाजूला हो.
मी झालो. पण जॉइंट सुटत होता,
म्हणून हात तिथंच ठेवला.

तिकडं अकराला
कृषी सहायक, मोटरसायकल उन्हात लावून.
वैजयंतानं पाटी धरलेली:
माझं नाव, गट नंबर, योजनेचं नाव,
सगळं तिच्या अक्षरात, योजनेचा ज पोटफुगा.
तो म्हणाला, लाभार्थी कुठाय?
ती म्हणाली, मस्कतला.
मस्कत इथून दीड तास लांब,
पण गावाला सगळा आखात मस्कतच.
तो म्हणाला, लाभार्थी फोटोत दिसला पाहिजे.

तेव्हा तिनं व्हिडिओ कॉल लावला.
मी एका हातानं फोन धरला,
दुसऱ्या हातात जॉइंट.
तिनं तिकडं माझा चेहरा उचलून धरला
पाटीच्या शेजारी,
आणि माझ्या मागं, त्या एवढ्याशा काचेत,
खल्फान छाती ताणून उभा,
त्याच्या मागं खजुरी,
खजुरींच्या मागं
डाळिंबाला कधी न मिळालेलं खारं आभाळ.

सहायकानं बराच वेळ बघितलं.
हा म्हातारा कोण, म्हणाला.
वैजयंता म्हणाली, तोबी लाभार्थीच.

फोटो चालेल का, ते कळलं नाही.
स्थिती: प्रलंबित. अजून तेच येतं.

खल्फानचा मंजूर झाला.
त्यानं मला कागद दाखवला, वाचायला नव्हे, नुसता दाखवायला.
कोपऱ्यात त्याचा फोटो, छोटा, करडा.
पाइपाच्या टोकाला एक हात,
मनगटावर लाल दोरा,
वैजयंतानं विमानतळावर बांधलेला.
कागदावर तो कुणाच्याच नावावर नाही.

जॉइंट आता गळत नाही.
मी व्हॉल्व्ह उघडला.
पहिल्या झाडाखाली थेंब पडला,
गायीनं मान वळवून बघितलं,
आणि खल्फान म्हणाला, चहा.